बंदूकधारी जवान दिसला की हायसं वाटतं की धाकधूक वाढते?

एप्रिल 2025 पर्यंत काश्मीरला निघालेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागायचा. 'तिकडे पावलोपावली मिलिटरी असते म्हणे. भीती नाही वाटत?' मग 22 एप्रिलला पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात 26 जणांना गोळ्या घालून मारलं. त्यात डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा जण होते. दुसऱ्या दिवसापासून त्याच मावश्या, तेच काका आणि तोच सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप विचारू लागला, 'एवढी माणसं जमतात तिथे साधा एक जवान कसा नव्हता?'

आधी जवान फार म्हणून भीती, मग जवान नाही म्हणून संताप. यात दुटप्पीपणा काही नाही. बंदूक घेऊन उभा असलेला माणूस पाहून आपल्या डोक्यात जे चालतं ते असंच उलटसुलट असतं. त्यावर अभ्यास झाले आहेत, सरकारं त्यावर पैसा खर्च करतात आणि टूर कंपन्यांचा हंगाम त्यावर ठरतो. म्हणून हा गुंता जरा सोडवून बघू.

सुरक्षित असणं आणि सुरक्षित वाटणं

एक असते प्रत्यक्ष सुरक्षितता, म्हणजे काही वाईट घडण्याची खरोखर शक्यता किती आणि घडलंच तर नुकसान किती. दुसरी असते जाणवणारी सुरक्षितता, म्हणजे त्याबद्दल आपल्या मनाने बांधलेला अंदाज. या दोन्ही एकमेकींच्या हातात हात घालून चालतीलच असं नाही.

22 एप्रिलच्या दुपारी बैसरनला जमलेल्या लोकांना अगदी निर्धास्त वाटत होतं. झिपलाइन चालू होती, भेळ-चहाच्या टपऱ्या लागलेल्या होत्या, मुलं गवतावर लोळत होती. वाटण्याच्या मापाने ती जागा अव्वल होती. प्रत्यक्षात तिथे गाडीचा रस्ता नव्हता, पहारा नव्हता आणि चारी बाजूंनी दाट जंगल होतं.

याच्या उलट उदाहरण घरचं आहे. 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसं गेली. तरी खोपोलीच्या घाटात ड्रायव्हरने फोन कानाला लावला तर आपण फार तर एकदा खाकरतो. तेच घाटात कुणी बंदूकधारी उभा दिसला तर अख्खी गाडी गप्प होईल. ज्या धोक्यावर आपला ताबा नाही, ज्यात कुणीतरी मुद्दाम आपल्याला मारायला येतो आणि ज्याची चित्रं टीव्हीवर आठवडाभर फिरतात, तो मनाला कैकपटींनी मोठा भासतो. 11 सप्टेंबर 2001 नंतर कित्येक अमेरिकन लोकांनी विमान टाळून गाड्या काढल्या. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजानुसार पुढच्या वर्षभरात रस्त्यावर त्यामुळे सुमारे 1,500 जास्तीचे मृत्यू झाले. सुरक्षित वाटावं म्हणून माणसं जास्त धोक्याच्या वाटेने गेली.

पर्यटनात मात्र सगळा व्यवहार वाटण्यावरच चालतो. शक्यतांचा तक्ता मांडून कुणी तिकीट काढत नाही, आणि रद्द करतानाही तो कुणी मांडत नाही.

एकाच बंदुकीचे दोन निरोप

समजा साध्या सर्दीसाठी तुम्ही दवाखान्यात गेलात आणि डॉक्टरांनी रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी असं सगळं लिहून दिलं. मनात दोन विचार एकदम येतात. 'बरं झालं, नीट तपासताहेत.' आणि 'बाप रे, ह्यांना काय संशय आलाय?' तपासणी तीच, पण ती काळजीही घेते आणि काळजीत टाकतेही.

सशस्त्र पहाऱ्याचं असंच आहे. 'तुमच्याकडे लक्ष आहे' हा त्याचा पहिला निरोप, आणि 'लक्ष ठेवावं लागतंय' हा दुसरा. कुठला निरोप मोठ्याने ऐकू येईल हे जवानावर कमी आणि बघणाऱ्याने आधी काय गृहीत धरलं होतं यावर जास्त ठरतं.

ब्रिटनमध्ये बहुतेक पोलीस बंदूक बाळगत नाहीत. त्यामुळे लंडनच्या एखाद्या स्टेशनावर मशीनगनवाले पोलीस दिसले की लोक आधी फोन काढून बातम्या बघतात. मुंबई विमानतळाच्या दारात सीआयएसएफचा जवान शस्त्र घेऊन उभा असतो आणि आपण त्याच्यासमोर आधार कार्ड नाचवत, पॉवर बँक कुठल्या बॅगेत टाकली यावरून घरच्यांशी भांडत असतो. त्याची बंदूक आपल्याला दिसतच नाही. दोन्हीकडे बंदूक आहे, फरक सवयीचा आहे. जिथे बंदूक अपेक्षित नाही तिथे ती दिसली तर धास्ती वाटते, आणि जिथे ती अपेक्षित आहे तिथे दिसली नाही तर जास्तच धास्ती वाटते. काश्मीर या दुसऱ्या प्रकारात मोडतं, आणि बैसरनचा धक्का इतका खोल बसण्याचं एक कारण तेच.

श्रीनगरला उतरल्यावर

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या डोळ्यांनी बघू. उतरून बाहेर पडताना विशेष काही जाणवत नाही. खरी गंमत परतीच्या दिवशी असते. टर्मिनलच्या बऱ्याच आधी एका फाटकाशी गाडीतून सगळ्यांना उतरवतात, सामान एक्स-रेमधून जातं, अंगझडती होते, मग पुन्हा गाडीत बसायचं आणि टर्मिनलला पोहोचल्यावर तेच सगळं पुन्हा. 'तीन तास आधी निघा' असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा तो अतिशयोक्ती करत नसतो.

पण पहिला ठसा उमटतो तो रस्त्यावर. थोड्या थोड्या अंतरावर एक जवान, अंगात बुलेटप्रूफ जाकीट, हातात रायफल. हे लोक असतात 'रोड ओपनिंग पार्टी'चे. लष्कराचे किंवा निमलष्करी दलांचे ताफे जाण्याआधी रस्ता तपासून मोकळा करणारी तुकडी, एवढाच त्याचा अर्थ. पहाटे श्वान आणि स्फोटकं शोधणारी यंत्रं घेऊन ते रस्त्याच्या कडा तपासतात, मग दिवसभर ठरल्या जागी उभे राहतात. पर्यटकाच्या लक्षात न येणारी एक गोष्ट म्हणजे यातल्या कित्येकांची पाठ रस्त्याकडे असते. ते गाडीतल्या तुमच्याकडे बघत नसतात. त्यांची नजर शेताकडे, सफरचंदाच्या बागेकडे, पलीकडच्या घरांकडे असते. आणि मूळ काम ताफ्याचा रस्ता राखायचं असतं. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात सीआरपीएफच्या ताफ्यावर हल्ला होऊन 40 जवान गेले, तेव्हापासून हा रस्ता राखण्याचं गांभीर्य आणखी वाढलं.

पहिल्या दिवशी पर्यटक हे जवान मोजतो. मुलं तर मोठमोठ्याने मोजतात. दुसऱ्या दिवशी मोजणं थांबतं, आणि तिसऱ्या दिवशी लाल चौकात घंटाघरासमोर सेल्फी काढताना मागे बंकर आला तर 'जरा इकडून काढ, ते गोण्या येताहेत' एवढीच तक्रार उरते. काही जण जवानाशी हात मिळवतात, 'जय हिंद' म्हणतात. तो आपला मराठी निघाला तर काय विचारता! 'कुठले तुम्ही? सातारचे? आमचे व्याही कोरेगावचे.' त्या दोन मिनिटांत जी सुरक्षितता वाटते ती शंभर वाळूच्या गोण्यांनी वाटत नाही.

हत्यारापेक्षा ते धरणाऱ्याची चालढाल

याच कारणाने 'जवान किती' यापेक्षा 'जवान कसा उभा आहे' हे जास्त बोलतं. रायफलची नळी जमिनीकडे आहे की माणसांच्या दिशेने, तो इकडेतिकडे बघतोय की मोबाईलमध्ये डोकं घालून बसलाय, रस्ता विचारला तर सांगतो की खेकसतो. चिलखती गाडी आणि काटेरी तारांचं वेटोळं पाहून माणसाला युद्ध आठवतं. चालत गस्त घालणारी दोन-चार माणसं पाहून गस्तच आठवते. पॅरिसमध्ये जानेवारी 2015 च्या हल्ल्यांनंतर 'सेंटिनेल' नावाच्या मोहिमेत सुमारे 10,000 सैनिक रस्त्यांवर उतरवले गेले. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी ते गटागटाने चालत असतात आणि पर्यटकांच्या फोटोत हळूहळू देखाव्याचा भाग होऊन गेलेत.

गणवेशाबद्दल मात्र सावध असलेलं बरं, कारण तो कुणीही शिवून घेऊ शकतो. 17 नोव्हेंबर 1997 ला इजिप्तमध्ये लक्सरजवळ हातशेपसुतच्या मंदिरात 62 जणांची हत्या झाली, त्यात 58 परदेशी पर्यटक होते. हल्लेखोर सुरक्षा दलांसारख्या पोशाखात आले होते. म्हणजे लांबून बघणाऱ्याला ते दृश्य क्षणभर हायसं वाटायला लावणारंच असणार.

'पण तिथे जवान असते तर हल्ला झालाच नसता ना?'

हा सगळ्यात स्वाभाविक आक्षेप. 24 एप्रिलच्या सर्वपक्षीय बैठकीतही विरोधकांनी हाच प्रश्न धरून ठेवला होता. त्याचं प्रामाणिक उत्तर असं की त्या दिवशी त्या कुरणात पुरेसा पहारा असता तर हल्ला तिथे बहुधा झाला नसता. या वाक्यातला 'तिथे' महत्त्वाचा आहे.

ज्या जागी माणसं भरपूर असतात आणि बंदोबस्त कमी असतो तिला सुरक्षेच्या भाषेत 'सॉफ्ट टार्गेट' म्हणतात. एका जागी पहारा वाढला की धोका नाहीसा न होता शेजारच्या सोप्या जागेकडे सरकू शकतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको. 26/11 च्या कटातल्या डेव्हिड हेडलीने कोरेगाव पार्कातल्या ज्यूंच्या छाबाड हाऊसची टेहळणी केली होती, हे उघड झाल्यावर त्या जागेकडे लक्ष होतं. 13 फेब्रुवारी 2010 ला स्फोट झाला तो जवळच्याच जर्मन बेकरीत. एका बेवारस बॅगेत बॉम्ब होता. 17 जण गेले.

शिवाय बंदूकधारी माणूस स्वतःच लक्ष्य होऊ शकतो. 3 फेब्रुवारी 2017 ला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाजवळ एक जण कोयते घेऊन धावला तो थेट गस्तीवरच्या सैनिकांवर. त्यांनी त्याला गोळ्या घालून रोखलं. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. सैनिक होते म्हणून सामान्य माणसं वाचली, हा एक. सैनिक होते म्हणून तो तिथे आला, हा दुसरा. मला पहिला जास्त पटतो, पण दुसरा खोडून काढता येत नाही.

गस्त वाढवली की गुन्हे कमी होतात, हेही वाटतं तितकं सरळ नाही. 1972-73 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सस सिटीत एक गाजलेला प्रयोग झाला. शहरातल्या 15 भागांचे तीन गट केले. एका गटात नेहमीची फिरती गस्त बंद, बोलावलं तरच पोलीस. दुसऱ्यात गस्त दुप्पट-तिप्पट. तिसऱ्यात आहे तेवढीच. वर्षअखेरीला गुन्ह्यांत फारसा फरक नव्हता, लोकांच्या भीतीत नव्हता, आणि गस्त कमी-जास्त झाल्याचं बहुतेकांच्या ध्यानातही आलं नव्हतं. अर्थात गाडीतून फिरणारे अमेरिकी पोलीस आणि काश्मीरच्या कुरणातला जवान यांची थेट तुलना करू नये. पण 'जास्त दिसले म्हणजे जास्त सुरक्षित' हे गणित आपोआप सुटत नाही, एवढं त्यातून कळतं.

मग हे गणित कुठे सुटतं? जिथे वाट एकच असते, दिवस ठरलेले असतात आणि माणसांची नोंद असते, तिथे. 2025 ची अमरनाथ यात्रा पहलगामनंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांत सुरू झाली. केंद्रीय दलांच्या सुमारे 580 कंपन्या, प्रत्येक यात्रेकरूला ओळखीचा टॅग, यात्रामार्गावर ड्रोन-हेलिकॉप्टरना बंदी. 4 लाखांहून जास्त लोक दर्शन घेऊन आले, आणि यात्रा आठवडाभर आधी आटोपावी लागली ती पावसाने खराब झालेल्या वाटेमुळे. तेवढी फौज खोऱ्यातल्या प्रत्येक कुरणावर, प्रत्येक ओढ्याकाठी बाराही महिने उभी करणं कुणालाच जमणार नाही. जमलं तरी तिथे सहलीला कोण जाईल, हा प्रश्न उरतोच.

'म्हणजे हा सगळा देखावाच?'

अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी अशा उपायांना 'सुरक्षेचं नाटक' असं नाव दिलं आहे. धोका फारसा कमी न करता फक्त काहीतरी केल्यासारखं वाटायला लावणारे उपाय, असा त्याचा अर्थ. मुंबईकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसएमटीवर 50 हून जास्त माणसं मारली गेली. त्यानंतर स्टेशनांवर मेटल डिटेक्टरच्या चौकटी उभ्या राहिल्या. सकाळी पावणेनऊच्या गर्दीत त्या अखंड टूंटूं करत असतात, माणसं त्यांच्यामधून आणि बाजूनेही जातात, आणि टूंटूं ऐकून कुणी कुणाला थांबवलेलं क्वचितच दिसतं. थांबवलं तर ८:५२ ची लोकल चुकलेले पाचशे लोक काय करतील, हा वेगळाच सुरक्षेचा प्रश्न.

रतन टाटांनी त्या हल्ल्यानंतर एका मुलाखतीत सांगितलं होतं की ताजला आधी इशारा मिळाला होता, काही उपायही केले होते, पण जे घडलं ते त्या उपायांनी थांबलं नसतं. आज मोठ्या हॉटेलांच्या दारात गाडीखाली आरसा फिरवतात. तो फिरवणाऱ्याचा हात किती घाईत असतो ते एकदा बघा, म्हणजे कुठे खरं काम चाललंय आणि कुठे नुसता रिवाज, ते कळेल.

तरीही मी नाटकाला सरसकट नावं ठेवणार नाही. लोकांची भीती प्रत्यक्ष धोक्यापेक्षा मोठी असेल तर ती खाली आणणं हेही कामच आहे. हाऊसबोटवाल्याची चूल त्यावर पेटते. नाटक महागात पडतं ते दोन वेळा. एक, दिसणाऱ्या कामामुळे न दिसणारं काम मागे पडतं तेव्हा. खबऱ्यांचं जाळं, इशाऱ्यांवर वेळेत हालचाल, जंगलातली शोधमोहीम यांचा फोटो निघत नाही. 28 जुलै 2025 ला श्रीनगरजवळच्या डोंगरांत पहलगामचे तीन हल्लेखोर मारले गेले. त्यामागचे आठवडेच्या आठवडे कुठल्याही पर्यटकाला दिसले नाहीत.

दुसरं, उपायच लोकांना ठळक करतो तेव्हा. लक्सरनंतर इजिप्तमध्ये कित्येक वर्षं परदेशी पर्यटकांच्या बसगाड्या ठरलेल्या वेळी एकत्र करून पोलिसांच्या गाड्यांसोबत ताफ्याने नेत. बसमधल्यांना आधार वाटायचा. पण कुठल्या वाटेने, किती वाजता, किती परदेशी जाणार हे रस्त्याकडेच्या प्रत्येक चहावाल्याला पाठ झालेलं असायचं.

बघणारा कोण, त्यावरही ठरतं

'आम्हाला बुवा जवान दिसला की बरंच वाटतं' असं कुणी म्हणेल, आणि ते खरं आहे. भारतीय पर्यटकाला काश्मीरमधला जवान आपला वाटतो. युरोपातून आलेल्याला तेच दृश्य संघर्षाच्या प्रदेशात आल्याची जाणीव करून देतं. 2024 मध्ये जम्मू-काश्मीरला पर्यटक आणि यात्रेकरूंच्या 2 कोटी 36 लाख भेटी झाल्याचा सरकारी आकडा आहे, आणि त्याच काळात अमेरिकेची आपल्या नागरिकांसाठीची सूचना 'लेह व पूर्व लडाख सोडून तिकडे जाऊ नका' अशीच होती. जागा एकच होती, अंदाज मात्र दोन.

एकट्या फिरणाऱ्या बाईला काय वाटतं ते वेगळंच. रात्री साडेदहाला बोटीच्या धक्क्यावर चार बंदूकधारी पुरुष असण्यापेक्षा एक महिला पोलीस आणि चालू दिवा असणं तिला जास्त धीर देतं. हे विचारायला अभ्यासगट नेमायची गरज नाही, घरातल्या कुठल्याही मुलीला विचारा.

आणि स्थानिक माणूस? नाक्यावर पर्यटकांची टॅक्सी हात दाखवून पुढे सोडतात आणि मागच्या मोटारसायकलवरच्या पोराला उतरवून ओळखपत्र मागतात, तेव्हा बंदूक तीच असली तरी अनुभव दोन तयार होतात. ताफा जाताना रस्ता अडला की पर्यटकाचं गुलमर्ग अर्ध्या तासाने लांबतं, त्या पोराची मात्र परीक्षा बुडू शकते. हे लिहिलं की लगेच 'मग काय पहारा काढून टाकायचा का?' असं विचारतात. नाही. तिथला धोका खोटा नाही, हे बैसरनने दाखवलंच. पण पर्यटकाच्या सुरक्षिततेत स्थानिक माणसाचा वाटा जवानाइतकाच असतो, हेही त्याच कुरणात दिसलं. मारल्या गेलेल्या 26 जणांत एक तिथला घोडेवाला होता. गाडीरस्ता नसलेल्या त्या उतारावरून जखमींना पाठीवर घेऊन पळाले तेही घोडेवालेच. दुसऱ्या दिवशी सगळं खोरं निषेध म्हणून बंद होतं. ट्युनिशियात सूस इथे 26 जून 2015 ला समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात 38 पर्यटक मारले गेले, तेव्हाही हॉटेलचे कर्मचारी हल्लेखोर आणि पाहुण्यांच्या मध्ये उभे राहिले होते.

कुलूप लावलेली कुरणं

हल्ल्यानंतर आठवडाभरात खोऱ्यातल्या 87 पर्यटनस्थळांपैकी 48 बंद करण्यात आली. जिथे पहारा देता येईल तिथेच लोकांना सोडायचं, असा त्यामागचा हिशोब. कागदावर तो बिनतोड आहे. पण बंद फाटकही बंदुकीसारखे दोन निरोप देतं. 'आम्ही काळजी घेतोय' आणि 'अर्ध्याहून जास्त जागांची खात्री आम्हालाच नाही.' जूनच्या मध्यावर खोऱ्यातली 8 आणि जम्मूकडची 8 अशी 16 ठिकाणं उघडली, म्हणजे आणखी एक निरोप गेला. मधल्या काळात ज्यांनी बुकिंग रद्द केली त्यांना मी घाबरट म्हणणार नाही. हातात असलेल्या माहितीवरून त्यांनी ठरवलं.

याच काळात अभिनेते अतुल कुलकर्णी हल्ल्याला आठवडाही झाला नसताना पहलगामला गेले आणि 'या' असं लोकांना सांगत राहिले. त्याने प्रत्यक्ष सुरक्षितता तसूभरही वाढली नाही, हे उघड आहे. जाणवणारी सुरक्षितता मात्र एका ओळखीच्या चेहऱ्याने किती हलते ते दिसलं. मराठी माणसाला काश्मीरला पाठवायचं तर दहा अधिकृत निवेदनांपेक्षा 'आमचे शेजारी कालच आले, काही नाही हो' हे वाक्य भारी पडतं. ते वाक्य चूकही ठरू शकतं, कारण शेजारी सुखरूप आले यावरून एवढंच कळतं की शेजारी सुखरूप आले.

मग निघण्याआधी बघायचं काय?

जवान किती दिसतील हा प्रश्न बाजूला ठेवा. काही घडलंच तर मदत किती वेळात पोहोचेल, हे विचारा. 26/11 ला राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीजवळच्या मानेसरहून मुंबईत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. त्यानंतरच मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याला त्यांचे तळ उभे राहिले. सूसच्या हल्ल्याची ब्रिटनमध्ये चौकशी झाली तेव्हा ठपका ठेवला गेला तो जवळ असूनही वेळ काढणाऱ्या पोलिसांवर. दारात रखवालदार किती होते, हा मुद्दा त्यामानाने मागेच राहिला.

टूरवाल्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. ती जागा सध्या सरकारने उघडी ठेवली आहे का? तिथपर्यंत गाडी जाते की घोड्यावरून जायचं, आणि परत किती वाजता निघायचं? अंधार पडल्यावरचा प्रवास आहे का? जवळचा दवाखाना कुठे? 'काळजी करू नका, भरपूर मिलिटरी आहे' हे यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, आणि कुणी तेवढंच सांगत असेल तर दुसरा टूरवाला बघा. गोव्याला जाणाऱ्यांनीही हाच नियम लावावा. तिथे जिवाला खरा धोका पावसाळी समुद्राचा आणि रात्रीच्या भाड्याच्या स्कूटरचा, आणि तिथला खरा रक्षक म्हणजे किनाऱ्यावर शिट्टी घेऊन बसलेला जीवरक्षक. त्याने लाल बावटा लावला असताना 'पाच मिनिटं' म्हणून पाण्यात उतरणारे लोक काश्मीरच्या बंकरांना घाबरतात, याची मला कायम मौज वाटते.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी एक शेवटची, अगदी कामाची गोष्ट. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरातल्या निदान एका फोनमध्ये पोस्टपेड सिम आहे ना, ते मुंबई-पुण्यातच तपासा, आणि 112 हा आणीबाणीचा नंबर मुलांनाही पाठ करून द्या.